माणसासारखा दिसणारा रोबोट आपल्याकडची माणसं घरात घेतील का?

तुम्ही विचारलंय की, माणसासारखे दिसणारे रोबोट घरात, दुकानात वावरायला लागले तर साधी माणसं ते चालवून घेतील का. मी सोलापूरचा, म्हणून इथलंच सांगतो.

यंत्राचं वावडं या गावाला नाही. आजोबांचा हातमाग होता, वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करून देणारे होते. आता धोट्याशिवाय चालणारे नवे मागही आलेत. पोटावर पाय आला की लोक चिडले, भांडले. पण मागाकडे बघून कुणी दचकलं नाही, कारण मागाला नाक-डोळे नसतात.

गेल्या वर्षी अक्कलकोट रोडला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात भाड्यानं आणलेला रोबोट. माझ्या छातीएवढा, पांढराशुभ्र, डोक्याला फेटा, हातात पेढ्यांचं तबक. पोरं त्याच्याभोवती नुसती नाचत होती, मोठी माणसं फोटो काढत होती. माझी मावशी सत्तरीची, आयुष्यभर विड्या वळलेली. ती हसलीही नाही, भ्यालीही नाही. पेढा घेतला, मागच्या बाजूला गेली, वाकून बघितलं आणि मला विचारलं, "आत कोण बसलंय रे?"

"कुणी नाही मावशी, मशीन आहे."

"मग मी पेढा घेतल्यावर मान कशी हलवली?"

मला उत्तर देता येईना.

मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानं 1970 सालीच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं होत जातं तसं आधी ते आवडायला लागतं, पण हुबेहूबच्या अगदी जवळ पोचलं की अंगावर काटा येतो. याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. असेलही. मला मात्र मावशीची शंका जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे यामागे माणूस कोण. 2025 मध्ये वनएक्स कंपनीनं निओ नावाच्या घरगुती रोबोटचं बुकिंग सुरू केलं, किंमत 20,000 डॉलर. त्याला न जमणारं काम, तुमच्या परवानगीनं, कंपनीचा माणूस लांबून हेडसेट लावून त्याच्याकडून करून घेऊ शकतो, हे कंपनीच सांगते. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी परका डोकावणार. आणि तेवढ्या पैशात धुणंभांड्याला बाई किती वर्षं येईल, हा हिशेब इथली कुठलीही गृहिणी तोंडी करून दाखवेल.

नवलाई ओसरली की काय होतं तेही बघा. जपानमध्ये नागासाकीजवळ 2015 साली रोबोटांनी चालवलेलं हॉटेल निघालं. खोलीतला बोलका रोबोट पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायचा आणि 'कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणत त्याला उठवायचा. 2019 पर्यंत त्यांनी निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले.

तेव्हा माझा अंदाज असा: समारंभात, दुकानाच्या दारात लोक हौसेनं घेतील. गटारात उतरायला, आजारी माणसाला उचलायला मिळाला तर दुवाच देतील, आणि तिथं त्याला तोंड असण्याची गरजही नाही. पण घरात, बायका-पोरांत, इतक्यात नाही.

त्या लग्नात मावशीनं शोध काही सोडला नाही. पडद्यामागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पुण्याहून आलेला एक पोरगा रिमोट घेऊन बसला होता, सकाळपासून उपाशी. तिनं पहिल्या पंगतीला त्याचं ताट वाढायला लावलं. तो जेवेपर्यंत रोबोट तबक धरून तसाच उभा होता, आणि पेढे लोक आपले आपणच घेत होते.