लेकराच्या डोक्याला तारा कशाला?

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. मुलगी आठ महिन्यांची आहे. विद्यापीठाच्या बेबीलॅबने, म्हणजे बाळांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेने, भाषेवरच्या संशोधनासाठी तिला बोलावलंय. नवरा म्हणतो, जाऊया, पोरगी किती हुशार आहे ते तरी कळेल. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, लेकराच्या डोक्याला तारा लावू देणार नाही. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या भीतीला उत्तर आहे. मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या यजमानांच्या अपेक्षेची. तिथे कुणाची हुशारी मोजत नाहीत. अनेक बाळांच्या नोंदी एकत्र करून त्यातून काय दिसतं ते पाहतात. एकट्या बाळाच्या नोंदीवरून काही ठरवता येत नाही, कारण भूक, झोप, दात येणं, सगळंच त्यात उतरतं. वाढीबद्दल शंका असेल तर हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे लहान मुलांची वाढ पाहणाऱ्या परिचारिकेला, विचारा. इंग्लंडमध्ये ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान तपासणी असतेच.

आता तारांचं. ईईजीची मऊ जाळीदार टोपी मेंदूत आपोआप निर्माण होणारी अगदी क्षीण वीज टिपते, डोक्यात काहीही सोडत नाही. बऱ्याच ठिकाणी त्यातले स्पंज मिठाच्या कोमट पाण्यात भिजवतात, त्यामुळे केस ओले होतात, एवढंच. मात्र आदल्या रात्रीपासून टाळूला तेल घालू नका. तेलकट त्वचेवर नोंद नीट येत नाही. नजर टिपणारं यंत्र असेल तर काजळही नको, कारण बाहुलीची कड ओळखताना यंत्र चुकतं. कपाळही मोकळं ठेवा, कधी कधी तिथे खुणेचं छोटं स्टिकर लावतात.

बाळ तुमच्याच मांडीवर बसेल. पडद्याकडे बोट दाखवायचं नाही, "बघ बघ" म्हणायचं नाही. तुम्हाला काळा चष्मा किंवा हेडफोन देतील, कारण आईच्या अंगाची हालचालसुद्धा बाळ ओळखतं आणि नोंद तुमची होते, तिची नाही. प्रत्यक्ष काम बहुधा काही मिनिटांचंच असतं, बाकी वेळ टोपी बसवण्यात, खेळण्यात आणि दूध पाजण्यात जातो. ती रडली तर थांबवा म्हणायचं, कारण सांगायची गरज नाही.

घरातल्या भाषेची प्रश्नावली येईल. जागेपणी मराठी किती तास, इंग्रजी किती, हे अंदाजाने नको. आजी दिवसभर बोलते तो वेळ मोजाच. काही अभ्यासांना फक्त इंग्रजी ऐकणारी बाळं हवी असतात. तिथे मराठी लपवलीत तर सगळी नोंद बिघडेल. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर तेही सांगा.

सही करण्यापूर्वी माहितीपत्रक घरी मागवून सासूबाईंना मराठीत वाचून दाखवा. चार गोष्टी पाहा: नीतिसमितीची मंजुरी, चित्रफीत कोण पाहणार आणि किती वर्षं ठेवणार, ती वर्गात किंवा परिषदेत दाखवण्यासाठी वेगळी संमती आहे का, आणि नोंदी कोणत्या तारखेपर्यंत मागे घेता येतात. ही शेवटची बाब बरेच पालक वाचतच नाहीत. नाव काढून आकडे एकत्र झाले की तुमच्या बाळाचे वेगळे शोधून काढता येत नाहीत. तिथून उठून यायची मुभा मात्र कायम असते. प्रवासखर्च मिळतो का तेही विचारा.

वेळ तिच्या झोपेनंतरची घ्या, पोट भरलेलं असू दे. सर्दी-ताप असेल तर फोन करून तारीख बदलून घ्या, त्यांच्यासाठी ते नेहमीचंच आहे.