पोटातलं यीस्ट अन् जड डोकं: सुरुवात इथून करा

ताई, पोटातल्या यीस्टनेच हा त्रास होतो का, असं तुम्ही विचारलंत. डोकं जड, चिडचिड, वावरात गेल्यावर कशाला आलो तेच आठवत नाही, हे मीही दोन वर्षं भोगलंय. घाबरू नका, वाट निघते.

कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे एक बारीक बुरशी, बहुतेकांच्या पोटात असतंच. अँटिबायोटिकने चांगले जिवाणू मेले, की त्याला रान मोकळं. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) आतड्यात तयार होतं, म्हणजे पोट अन् मनाचं नातं आहेच. पण यीस्टनेच मन उदास होतं, हे अजून सिद्ध नाही.

म्हणून आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईड, शुगर. माझं तर बी-12 च तळाला गेलं होतं!

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथं:
- यीस्ट वाढलंय का ते बघायला सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकून पाहणं. त्या चाचणीला काही अर्थ नाही.
- मेडिकलमधून मनानेच फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) आणणं. यकृताला त्रास होऊ शकतो.
- एकदम सगळं खाणं सोडणं. अशक्तपणाने डोकं आणखी जड होतं.

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ताजं ताक चालू ठेवा. गोड चहा मात्र सहा कपांवरून दोनवर आणा. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर 14416 वर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन लावा, मराठीत बोलतात.