कंपन्यांना माणसे पुरवणाऱ्या स्टाफिंग एजन्सीतील व्यवस्थापन वाईट असेल, तर नोकरी लगेच सोडावी का?

लगेच सोडू नये, असे माझे मत आहे. त्रास या धंद्याच्या स्वरूपाचा आहे की वरिष्ठांच्या वागण्याचा, हे आधी तपासावे. एजन्सीचे उत्पन्न ग्राहक कंपनीकडून मिळणारी रक्कम व तेथे पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा पगार यांतील फरकावर किंवा उमेदवार रुजू झाल्यावर मिळणाऱ्या शुल्कावर अवलंबून असल्यामुळे टार्गेटचा तगादा चांगल्या एजन्सीतही असतोच. मात्र ग्राहकाला नेमका कसा माणूस हवा आहे हे न विचारताच व्यवस्थापक संध्याकाळपर्यंत पंधरा बायोडेटा मागत असेल, ते नाकारले गेल्यावर खापर तुमच्या माथी फोडत असेल आणि इन्सेंटिव्हचे नियम महिनाअखेरीस बदलत असेल, तर तो निव्वळ गलथान कारभार आहे.

अशा ठिकाणी तोंडी सूचनेवर विसंबू नये. ‘आपण सांगितल्याप्रमाणे या पदासाठी अनुभवाची अट शिथिल केली आहे’, एवढा एका ओळीचा ईमेल त्याच दिवशी पाठवावा. पुढे वाद झाला तर तोच उपयोगी पडतो. दरम्यान दुसरी नोकरी शोधावी आणि राजीनाम्यापूर्वी करारातील नोटिशीचा कालावधी व ग्राहकांशी संपर्क न ठेवण्याची अट नीट वाचावी.

पण कंत्राटी जागा कायमस्वरूपी असल्याचे भासवायला किंवा उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याचा बायोडेटा पाठवायला सांगितले जात असेल, तर स्पष्ट नकार द्यावा आणि तरीही आग्रह झाला, तर तेथे थांबू नये, कारण तुमच्या शब्दावर विसंबून तो माणूस हातची नोकरी सोडत असतो.