पथदिव्यांच्या देखभालीचं पहिलं टेंडर भरताना

भाऊ, दर टाकण्याआधी रात्री गावात फिरून खांब मोजा. नगरपरिषदेच्या यादीतला आकडा बऱ्याचदा जुना असतो, नव्या वसाहती त्यात नसतात. बंद दिवे किती, टायमर चालतात का, हे लिहून घ्या.

खरा खर्च एलईडीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज देणाऱ्या भागाचा. मराठवाड्यात अवकाळीत विजा पडतात, वाऱ्यानं न्यूट्रल (परतीची तार) तुटतो, व्होल्टेज चढतं आणि एका रात्रीत ओळच्या ओळ जाते. म्हणून पॅनेलवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) आणि अर्थिंग कोणी करायचं, सुटे भाग दरात धरलेत की वेगळे, हे प्री-बिड, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीत लेखी विचारा. नवे लोक इथंच फसतात: दर मजुरीचा टाकतात अन् ड्रायव्हर खिशातून घालत बसतात.

विद्युत ठेकेदाराचा परवाना, डिजिटल सही, बयाणा रक्कम हे नेहमीचंच. महावितरणकडून शटडाऊन घेतल्याशिवाय, म्हणजे लाइन बंद करून घेतल्याशिवाय, मात्र माणूस खांबावर चढवूच नका, कितीही घाई असो.

तक्रारवहीत दुरुस्तीची तारीख-वेळ टाकून नगरपरिषदेच्या वीज विभागातल्या कर्मचाऱ्याची सही त्याच दिवशी घ्या. ती नसली की दंड कापूनच बिल निघतं. तेही वेळेवर निघेल असं नाही, तेव्हा किमान तीन महिन्यांची मजुरी आणि पीएफ हाताशी ठेवूनच उतरा.