वाचक विचारतात: शेवाळाचं विष आणि वाळूवरचा बुळबुळीत थर

प्रश्न: भाऊ, आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, नळाला धरणाचं पाणी येतं तेही चार-पाच दिवसांआड. एप्रिल लागला की पाणी हिरवट दिसतं, मातकट वास येतो, मी उकळून गाळून वापरते. पुतण्या म्हणतो काकू उकळून उपयोग नाही, शेवाळाचं विष फक्त जिवाणूच खातात, त्यांचा थर लावून पाणी साफ करतात. पण जिवाणू मारायलाच तर आपण पाणी उकळतो ना? (एक गृहिणी)

उत्तर: ताई, पुतण्याचं बरंचसं बरोबर आहे, पण तो घरी करायचा उद्योग नाही.

हिरवं दिसतं ते सगळं विषारी नसतं. धरणाच्या काठाला काडी बुडवून वर काढा (हात घालू नका), लांब लांब तंतू लटकले तर ते साधं शेवाळ, आणि काडीला ऑइलपेंटसारखा लेप बसला तर ती बहुतेक निळी-हिरवी जात म्हणजे सायनोबॅक्टेरिया, जिला आपण शेवाळच म्हणतो पण ती स्वतःच जिवाणू आहे. गरम, साचलेलं आणि शेतातलं खत वाहून आलेलं पाणी मिळालं की ती माजते. तिच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात, ते यकृतावर घाव घालतं. मातकट वास मात्र दुसऱ्याच पदार्थाचा, त्यामुळे वासावरून विष ओळखता येत नाही.

हे विष म्हणजे सात अमिनो आम्लांची बंद गोल साखळी. उकळून ती तुटत नाही, उलट पाणी आटलं की तेवढंच विष कमी पाण्यात राहतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एरी सरोवराच्या पाण्यात हे निघालं तेव्हा चार लाखांवर लोकांना सांगितलं होतं, पिऊ नका आणि उकळूही नका. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, यावरून काय ते समजा.

आता जिवाणू. स्फिंगोमोनास गटातल्या काही जिवाणूंकडे असं एन्झाइम (म्हणजे कात्रीसारखं काम करणारं प्रथिन) असतं जे ही साखळी नेमकी एका जागी कापतं, आणि कापली की तिचं विषारीपण साधारण 160 पट कमी होतं, मग बाकीचे तुकडे ते खाऊनच टाकतात. हे जिवाणू वाळूच्या कणांना स्वतःच्याच चिकट थरात धरून बसतात, पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. यालाच बायोफिल्म म्हणायचं. संथ वाळू गाळणीत, जिथे पाणी तासाला फक्त 10 ते 20 सेंटिमीटर खाली उतरतं, हा थर आपोआप धरतो आणि खरं काम तोच करतो, वाळू नुसती बसायला जागा देते.

आपल्याकडे बुळबुळीत दिसलं की घासून काढायची सवय, तिथेच घोळ होतो. गाळणीच्या आधीच टीसीएल पावडर (क्लोरीनची, पाणी निर्जंतुक करायची) ओतली तर थरातले जिवाणू मरतात, वर शेवाळाच्या पेशी फुटून आतलं विष पाण्यात सुटतं ते वेगळंच. क्लोरीन पाहिजेच, पण गाळून झाल्यावर. गाळणी तुंबली तर वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची, सगळी धुवायची नाही. अडचण एकच, नवीन वाळूवर थर धरायला काही आठवडे लागतात आणि विष पहिल्यांदा आलं की जिवाणूंना त्याची सवय व्हायलाही दिवस जातात, दुसऱ्या वेळी ते लवकर कामाला लागतात. म्हणून गाळणी हिवाळ्यातच चालू करायची, पाणी हिरवं झाल्यावर धावपळ करून नाही. शहराला एवढी जागा परवडत नाही, पण गावाला परवडते, आणि माझं मत विचाराल तर छोट्या योजनांनी महागड्या मशीनआधी हिचा विचार करावा.

घरात मात्र बादलीत जिवाणू पाळत बसू नका. आरओ असेल तर विष बरंचसं अडतं, नुसत्या यूव्हीने नाही. तुरटीने पेशी खाली बसतात पण पाण्यात विरघळलेलं विष तसंच राहतं. ते हिरवे आठवडे प्यायला आणि स्वयंपाकाला हातपंपाचं किंवा बोअरचं चांगलं पाणी आणा, धरणाचं भांड्या-धुण्याला वापरा, आणि ग्रामसभेत गाळणीचा विषय काढा.

प्रश्न: आमची गुरं तलावावरच पाणी पितात, त्यांना काही होतं का? (शेतकरी, धुळे जिल्हा)

उत्तर: होतं दादा. 1878 मध्येच ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी असं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद आहे. वाऱ्याने लेप ज्या काठाला गोळा होतो तिथे गुरं सोडू नका, विहिरीचं पाणी हौदात भरून पाजा. आणि प्यायल्यावर जनावर लडखडायला लागलं तर लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलवा.