सत्तावन्नमध्येच राहा

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तू बॉक्सिंगमध्ये ५७ किलोचा गट सोडून ५४ किलोत उतरायचं म्हणतेयस, आणि खरं कारण एकच आहे, की ५७ मध्ये ती कोल्हापूरची मुलगी आहे. तिनं तुला दोनदा हरवलं. पहिल्यांदा ५-०, म्हणजे पाचही जज तिच्या बाजूनं, दुसऱ्यांदा ४-१. तुझ्या मामांचं म्हणणं, खेळाडू कोट्यातून नोकरी हवी तर पदक लागतं, ते कुठल्या गटातलं हे कोण विचारतंय. मामा खोटं बोलत नाहीत, खरंच कुणी विचारत नाही. तरीही मी नाही म्हणतोय. फोनवर तू नुसतं 'हो सर, हो सर' करतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस, म्हणून हे लिहायला बसलोय.

ज्यानं हरवलं त्याच्याकडे परत जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढं पानभर तेच लिहिणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

आधी ते आपल्या ऑलिम्पिक मल्लाचं, खाशाबा जाधवांचं. त्यांनीसुद्धा गट बदलला होता, असं तू लिहिलंस. बदलला होता. १९४८ ला लंडनला ते फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य जिंकले. पण ते वरच्या गटात गेले गं! समोर अंगानं मोठे मल्ल येणार हे माहीत असून गेले. तू खाली सरकतेयस, तेही एका मुलीला टाळायला. गोळेश्वरच्या त्या माणसाचं नाव असल्या कामाला वापरू नकोस. याचा मला खरंच राग आला.

आता लेनॉक्स लुईसचं ऐक. तुमच्या पिढीला हेवीवेट म्हटलं की अली नाहीतर टायसन. लुईसच्या बाऊट्स तुम्ही बघत नाही, कारण त्यात आरडाओरडा कमी आहे. पण हा माणूस व्यावसायिक रिंगणात ४४ वेळा उतरला, ४१ जिंकला, दोन हरला, एक बरोबरीत सुटली, आणि ज्या ज्या माणसाशी तो लढला त्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी हरवलेलं आहे. एकही नाव सुटलेलं नाही. हे काही नशिबानं झालं नाही, तो परत गेला म्हणून झालं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून खेळताना तो उपांत्यपूर्व फेरीत टायरेल बिग्जकडून हरला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून लहानच. पैसे घेऊन व्यावसायिक व्हायची संधी होती. ती सोडून तो आणखी चार वर्षं हौशी बॉक्सिंगमध्ये थांबला आणि १९८८ ला सोलमध्ये रिडिक बो याला अंतिम फेरीत दुसऱ्या राऊंडमध्ये थांबवून सुवर्ण घेतलं. बिग्ज मात्र राहिलाच होता. १९९१ मध्ये अटलांटात त्यालाही गाठलं आणि तिसऱ्या राऊंडमध्ये संपवलं.

पण तुझ्यासाठी महत्त्वाची बाऊट मॅकॉलची. २४ सप्टेंबर १९९४, लंडनचं वेम्बली. लुईस जगज्जेता, कॅनडाकडून खेळलेला असला तरी जन्मानं लंडनचाच, म्हणून घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. दुसरा राऊंड सुरू होऊन अर्धं मिनिट झालं असेल. दोघांनी एकाच वेळी उजवा ठोसा टाकला, ऑलिव्हर मॅकॉलचा आधी पोचला. लुईस उठला, पण पाय डगमगत होते आणि रेफ्रीनं बाऊट थांबवली. लुईसनं तिथंच हुज्जत घातली, मी ठीक आहे म्हणाला. तूही गेल्या वेळी जजांवर चिडली होतीस, आठवतंय ना? ते ठीक आहे, एक रात्र चिडायला हरकत नाही.

त्यानंतर त्यानं काय केलं ते बघ. मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये प्रशिक्षक म्हणून डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचे इमॅन्युएल स्ट्युअर्ड होते. लुईस उजवा टाकताना उघडा पडतो हे त्यांनी हेरलं होतं, आणि त्याच क्षणी आपला उजवा टाकायचा हे मॅकॉलकडून घोटून घेतलं होतं. लुईस त्याच स्ट्युअर्डकडे गेला. ज्यानं आपल्याला पाडायचा डाव रचला, त्यालाच त्यानं गुरू केलं! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा चकित झालो होतो, आणि अजूनही मला ते त्याच्या सगळ्या नॉकआऊट्सपेक्षा मोठं वाटतं. स्ट्युअर्डनी त्याला तोल शिकवला आणि जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, उभं केलं. मी तुझा जॅब पाठीमागे येताना खांद्यापाशी न येता कमरेपाशी येतो म्हणून ओरडतो ना, ते याचसाठी. ती कोल्हापूरची तुला त्याच फटीतून मारते. दोन्ही बाऊट्समध्ये तिथूनच मारलं. ५४ मध्ये गेलीस म्हणून ती फट काही बुजणार नाही. तिथली एखादी शहाणी मुलगी पहिल्याच राऊंडमध्ये हेरेल.

मॅकॉलशी परत गाठ पडली ती ७ फेब्रुवारी १९९७ ला, लास वेगसमध्ये. ती बाऊट तुला आवडणार नाही. मॅकॉल त्या काळात व्यसनाशी झगडत होता. चौथ्या राऊंडपासून तो ठोसे टाकायचाच थांबला, रिंगणात नुसता फिरत राहिला, रडत होता. पाचव्यात रेफ्रीनं थांबवलं. लोक हसले त्याला. तू हसू नकोस. आणि हेही बघ, की सूड म्हणून लुईसच्या हाती त्या दिवशी काहीच लागलं नाही. मी सुडाबद्दल बोलतच नाहीये. परत जायचं ते तिला खाली दाखवायला नव्हे. तिच्यापुढं उभं राहायला घाबरणारी जी तू आहेस, तिला घेऊन पुढची दहा वर्षं खेळता येत नाही.

एव्हॅंडर होलिफिल्डचं थोडक्यात सांगतो. मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सगळ्या जगानं बघितलं की लुईस जिंकला, आणि जजांनी बरोबरी दिली. कुंडलच्या मैदानात अशी कुस्ती सोडवली असती तर लोकांनी पंचांना घरी जाऊ दिलं नसतं. लुईस रडत बसला नाही. नोव्हेंबरमध्ये परत उभा राहिला आणि तिन्ही जजांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला.

हसीम रहमानच्या वेळी मात्र चूक लुईसचीच होती, आणि हे मी तुला मुद्दाम सांगतो. २२ एप्रिल २००१, दक्षिण आफ्रिकेतलं ब्रॅकपन. जागा दीड हजार मीटरहून उंच, हवा विरळ. रहमान बराच आधी जाऊन सराव करत बसला होता. लुईस एका सिनेमाच्या चित्रीकरणात रमला, उशिरा पोचला, अंगही जड होतं. पाचव्या राऊंडमध्ये एका उजव्यात गेला. परत बाऊट द्यायची असं करारात होतं, तरी रहमानच्या बाजूनं टाळाटाळ सुरू झाली, तेव्हा लुईस कोर्टात गेला. लोक पैशासाठी कोर्टात जातात. हा हरवणाऱ्यासमोर पुन्हा उभं राहता यावं म्हणून गेला, आणि कोर्टानं त्याचं म्हणणं मान्य केलं. १७ नोव्हेंबरला, त्याच वर्षी, चौथ्या राऊंडमध्ये रहमान आडवा झाला. तुला कोर्टात जायचं नाहीये. प्रवेशिकेत ५७ लिहायचंय फक्त.

परत गेलं की जिंकतोच, असं मी म्हणत नाही. तू लहान नाहीस, तुला खोटं सांगणार नाही. फ्लॉईड पॅटरसन १९५९ मध्ये योहान्सनकडून सात वेळा खाली पडून हरला आणि पुढच्या वर्षी त्यालाच नॉकआऊट करून किताब परत आणला. हेवीवेटमध्ये गेलेला किताब परत मिळवणारा तो पहिला. पण तोच पॅटरसन १९६२ ला सनी लिस्टनसमोर पहिल्या राऊंडमध्ये पडला, १९६३ ला परत गेला आणि पुन्हा पहिल्याच राऊंडमध्ये पडला. असंही होतं.

माझ्याकडेही झालंय. काही वर्षांपूर्वी ६० किलोत एक पोरगा होता, तुला नाव माहीत असेल, मी लिहीत नाही. एकाच मुलाशी दोनदा हरला. वडील म्हणाले गट बदला, मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हरला, ३-२. वडिलांनी त्याला काढून नेलं, आणि सरांच्या हट्टापायी पोराचं वर्ष गेलं असं विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत बोललं गेलं. अजून बोललं जातं. मला ते लागतं. पण मी त्याचं वाटोळं केलं असं मला आजही वाटत नाही. ५-० वरून तो ३-२ वर आला होता. तिसऱ्या राऊंडमध्ये तो पोरगा पुढं पुढं जात होता आणि समोरचा मागं हटत होता. हे वडिलांनी बघितलं नाही. त्यांनी फक्त कुणाचा हात वर गेला ते बघितलं. चौथी बाऊट झाली असती तर काय झालं असतं, हे मला कुणीही सांगू शकणार नाही, आणि त्याच्या वडिलांनाही नाही.

आणि माझा हट्ट आला कुठून तेही सांगतो. मी खेळत होतो तेव्हा राज्य स्पर्धेत मुंबईच्या एका मुलानं मला फोडून काढलं होतं. वर्षभर हरिपूर रस्त्यावर पळालो ते त्याचा चेहरा समोर ठेवून. पुढच्या वर्षी गेलो तर कळलं, त्यानं खेळ सोडला, घरच्या दुकानात बसला. त्या वर्षी मी पदक आणलं, गल्लीत हार घातले लोकांनी. पण ज्याच्यासाठी पळालो तो समोर आलाच नाही. इतकी वर्षं झाली, ती बाऊट मी मनातल्या मनात खेळतोच आहे. तुझी ती मुलगी अजून खेळतेय. तुला किती मोठी गोष्ट मिळालीय हे तुला कळत नाही, म्हणून माझा जीव तुटतो.

तू हुशार आहेस, व्हिटाली क्लिचकोचं विचारशील. जून २००३, लॉस एंजेलिस. सहा राऊंड झाले, तिन्ही जजांच्या कागदावर क्लिचको ५८-५६ गुणांनी पुढं होता, पण डोळ्यावरच्या जखमेमुळं बाऊट थांबली आणि लुईस जिंकला. क्लिचको परत बाऊट मागत राहिला. लुईसनं दिली नाही, फेब्रुवारी २००४ मध्ये निवृत्त झाला. मी यावर खूप विचार केलाय. लुईस तिथं हरला नव्हता, म्हणून माझ्या म्हणण्यात ते बसतं, असं मी म्हणू शकतो. अडतिशीतला माणूस, शरीर किती दिवस मार खाणार, हेही खरं. पण मला ती बाऊट व्हायला हवी होती असंच वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. तू अडतिशीत पोचलीस की तुलाही सूट देईन. सध्या तू एकोणीस वर्षांची आहेस.

वजनाचं सांगून ठेवतो. ५४ साठी तू पाणी तोडणार, प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणार, वजन देऊन रिंगणात उतरेपर्यंत पायात जीव राहणार नाही. हे मी कुठल्याच मुलीला करू देत नाही, तुला तर नाहीच.

तिच्या सरांशी मी बोललोय. आमची जुनी ओळख आहे. त्यांना स्पष्ट सांगितलं, माझी पोरगी तुमच्या पोरीला घाबरते, तिला आठ-दहा दिवस तुमच्याकडे घ्या आणि त्याच मुलीबरोबर स्पारिंगला, सरावाच्या लढतीला, घाला. ते आधी हसले, मग पाठवा म्हणाले. राहायची सोय त्यांच्या बहिणीकडे आहे. तुझा जॅब कुठं उघडा पडतो हे माझ्यापेक्षा ते चांगलं सांगतील, कारण त्यांनीच तो दोनदा फोडलाय. लाजू नकोस, विचार. वही ने. ती मुलगीही स्वभावानं चांगली आहे म्हणतात.

सोमवारी सकाळची एसटी पकड. हेडगार्ड स्वतःचं घे. मामांना आणि आईला मी आज संध्याकाळी घरी येऊन भेटतो, तू मध्ये बोलू नकोस.

तुझे सर
सांगली