पहिली मॅक्रो लेन्स? ९०-१०० एमएमचीच घे

अरे, किडे-बेडूक अगदी जवळून मोठे टिपायला मॅक्रो लेन्स घेतोयस ना, तर ६० एमएम फोकल लेन्थची स्वस्त दिसते म्हणून लगेच उचलू नकोस. मी तेच केलं होतं, गोव्यात तांबडी सुर्लाला ओढ्याकाठी चतुर टिपायला गेलो तर १:१ साठी (म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा यायला) लेन्स पार चतुराच्या तोंडाशी न्यावी लागायची आणि तो भुर्रकन उडून जायचा. १०० एमएमला तेवढंच मोठं चित्र साधारण १३-१५ सेंटीमीटरवरून मिळतं, किड्याला सावली लागत नाही, फ्लॅशलाही जागा राहते.

बॉक्सवर नुसतं मॅक्रो लिहिलेलं बघून फसू नको, १:१ आहे का ते विचार, बऱ्याच झूमवर ते उगाच छापलेलं असतं. एफ २.८ साठी (म्हणजे लेन्सचं छिद्र जास्त उघडतं त्यासाठी) जास्त पैसे मोजायची गरज नाही, कारण इतक्या जवळून छिद्र बारीक करून एफ ११ ला सुद्धा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच शार्प येतं, बेडकाचा डोळा धरला की नाकपुडी गेली. त्यापेक्षा फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर घे, पावसात रानात उजेडच नसतो.

बजेट नसेल तर साध्या ५० एमएम लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लाव, मस्त चालतं.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवू नको रे, बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव. चापड्याच्या (विषारी साप) मात्र वीतभर जवळ अजिबात जायचं नाही, त्याला लांबूनच टेली लेन्सने घे.